शर्मिष्ठेतील नवतारा मंदावला, पुन्हा उजळला

नवतारा हे नाव फसवे आहे. तेथे तारा जन्मत नाही. श्वेतबटू ताऱ्यावर जोडीदाराकडून ओढलेला हायड्रोजन साचतो आणि त्याच्या संमीलनातून भडका उडतो. जपानचे हौशी निरीक्षक युजी नाकामुरा यांना १८ मार्च २०२१ रोजी शर्मिष्ठा तारकासमूहात आढळलेला ‘व्ही १४०५’ हा असाच नवतारा. तेव्हा तो ९.६ प्रतीचा होता. प्रतीचा आकडा लहान, तितके तेज अधिक. मे महिन्यात तो सुमारे साडेपाच प्रतीपर्यंत पोहोचला आणि अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांच्या आवाक्यात आला.

अनेक नवतारे शिखर गाठून ओसरतात. हा मात्र कित्येक महिने मंदावत आणि पुन्हा उजळत राहिला. अशा चढउतारांमागे फेकलेल्या वायुथरांची टक्कर आहे की ताऱ्यावरील ज्वलनातील अस्थिरता, यावर मतभेद आहेत. निर्णयासाठी तेजाची सलग नोंद लागते, आणि मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्यासाठी रोज वेळ देणे परवडत नाही. येथे द्विनेत्री घेतलेला हौशी निरीक्षक उपयोगी पडतो. ज्ञात प्रतीचे शेजारचे दोन तारे, एक अधिक तेजस्वी व एक मंद, निवडून तो दशांश प्रतीपर्यंत अंदाज करतो आणि वेळ टिपतो. पावसाळ्यात भारतातील रात्री ढगांत गेल्या, तर ती पोकळी अन्य देशांतील नोंदींनीच भरावी लागते.