संगणकावर निळा पडदा आला? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

शिक्षक मित्रांनो, एप्रिल आला की ही तक्रार हमखास ऐकू येते. निकालपत्रकं भरणं चालू असतं आणि मधेच सगळा पडदा निळा होतो. वर रडका चेहरा, खाली इंग्रजीत चार ओळी, आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू. दुकानात नेला की पहिलं वाक्य, "सर, फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट म्हणजे सी ड्राइव्ह साफ. आणि आपली निकालपत्रकं, मुलांचे फोटो सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे त्याच सी ड्राइव्हमध्ये असतं. म्हणून घाई करू नका.

एखादा साधा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. पण बिघाड विंडोजच्या अगदी गाभ्यात झाला, तर पुढे चालू राहण्यात माहिती चुकीची लिहिली जाण्याचा धोका असतो. तेव्हा विंडोज स्वतःहून सगळं थांबवते आणि जाताना कारणाचा एक कोड दाखवते. विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर हाच पडदा काळा दिसतो, अर्थ तोच.

१९ जुलै २०२४ आठवतो का? क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले! पण यंत्रं खराब झाली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की संगणक सुरू होत होता.

तर पडदा निळा झाला की मोबाईलने त्याचा फोटो घ्या. फोटो काढायच्या आतच पडदा जात असेल, तर संगणक सुरू झाल्यावर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. रिलायबिलिटी हिस्टरीत तारखेनुसार लाल फुल्या दिसतील. आता आठवा, पहिल्या फुलीच्या आदल्या दिवशी काय बदललं? नवा प्रिंटर जोडला? अपडेट झालं? मोफतचा अँटिव्हायरस टाकला? बहुतेक वेळा इथेच सापडतं. ते काढून टाका आणि दोन दिवस बघा.

संगणक सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा अर्धवट सुरू झाल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रिस्टार्ट करा आणि ४ दाबा. हाच सेफ मोड.

कोडमध्ये 'मेमरी' हा शब्द असेल तर संशय रॅमवर. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीतच आहे. डेस्कटॉप असेल तर प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज जाईल. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या पुसा, कण झटका, परत नीट खटका बसेपर्यंत दाबा. (खोडरबर आपल्याकडे कमी नाही.) तरी त्रास असेल तर विंडोजचीच 'मेमरी डायग्नोस्टिक' चाचणी चालवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, दोषी कोण ते कळतं.

वाशिमच्या उन्हाळ्यात तापण्याचा त्रास वेगळा. तेव्हा पुष्कळदा निळा पडदा न येताच संगणक झटकन बंद होतो. पंख्यातली धूळ ब्रशने काढा, कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. लाईट कमी-जास्त होत असेल तर यूपीएस घ्याच.

'अनमाउंटेबल बूट व्हॉल्यूम' सारखा कोड आला किंवा हार्डडिस्क टकटक आवाज करू लागली, तर मात्र बाकीचे प्रयोग थांबवा. चालू होत असेल तर आधी फाइली पेनड्राइव्हवर घ्या. होत नसेल तर दुकानदाराला सांगा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, आमची माहिती काढून द्या, मग फॉरमॅटचं बोला.

आणि एक. इंटरनेट बघताना निळ्या पानावर "या नंबरवर फोन करा" असं दिसलं, तर ते सरळ फसवणुकीचं पान आहे. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट आणि एफ ४ दाबून ब्राउझर बंद करा. फोन लावू नका.