मंगळवारची जिप्सी

सकाळी सहा

ताडोबाची दारं मंगळवारी बंद असतात, म्हणून चंद्रपुरात माझ्या गॅरेजला मंगळवारी मान वर करायला फुरसत नसते. आठवडाभर सकाळ-दुपार दोन्ही फेऱ्या मारणाऱ्या जिप्सींना मोकळा दिवस हा एवढाच. त्यात मे महिना. दुपारी पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही, त्यामुळे जड काम अकराच्या आत उरकायचं असा माझा नेम आहे.

पहिली गाडी उजाडतानाच दारात होती. मोहर्लीची जिप्सी किंग, साधं स्टिअरिंग, पॉवर नाही. चालक म्हणाला, "भाऊ, स्टिअरिंग लय ढिलं झालं जी. जंगलात काही जाणवत नाही, पण रोडवर आलो की गाडी आपल्या मनानं जाते. मागच्या महिन्यात एका ठिकाणी बॉक्स टाइट करून घेतला. तर आता वळल्यावर स्टिअरिंग परतच येत नाही."

एवढं ऐकल्यावर निम्मं काम झालं. जंगलात गाडी हळू चालते आणि कच्च्या वाटेवर हात तसाही सतत हलता असतो, त्यामुळे ढिलाई त्यात मुरून जाते. मोहर्लीहून शहराकडे साठच्या वेगानं येताना समोरून कोळशाचा ट्रक हवेचा झोत मारून गेला, की ती उघडी पडते. सफारीच्या गाडीत सहा पर्यटक, गाइड आणि चालक अशी आठ माणसं असतात. मला हे काम हलकं वाटत नाही.

साडेसहा

आधी चारही टायरांची हवा बघितली. पुढच्या एका चाकात कमी होती, ती भरली. मग मूल रोडला एक चक्कर मारली. ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढत नव्हती, फक्त सरळ रस्त्यावर तरंगत होती. परत येऊन चाकं सरळ ठेवली, स्टिअरिंगच्या कडेला खडूची खूण केली आणि चाक हलेपर्यंत ती किती सरकते ते मोजलं. ह्या गाडीत इंचभर खेळ चालवून घेता येतो. इथे तो अडीच इंचांच्या पुढे होता.

सात

आता खरी तपासणी, आणि तिला एकही पाना लागत नाही. इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर, गाडीचा भार चाकांवर. पोऱ्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि सांगितलं, जोर लावू नकोस, नुसतं डावीकडे-उजवीकडे हालव, जिथे जड लागेल तिथून परत फिरव. मी टॉर्च घेऊन खाली.

बघायचं एकच असतं: हलवलेली हालचाल कुठे पोचते आणि कुठे हरवते. कॉलमच्या खालचं रबरी कपलिंग वरच्या टोकाला फिरलं, तेवढंच खालच्या टोकाला फिरलं. म्हणजे ते ठीक. मग हात स्टिअरिंग बॉक्सवर ठेवला, तर अख्खा बॉक्सच चासीवर केसभर सरकत होता. डोळ्यांना दिसलं नसतं, तळहाताला कळलं. त्याचा एक बोल्ट पुढे पान्यानं अर्धा आटा बसला. बोल्टांभोवतीची चासी घासून साफ केली आणि तडा आहे का ते बघितलं. नव्हता. जुन्या जिप्सीत ही जागा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग ड्रॉप आर्म, तिथून ड्रॅग लिंक, तिथून टाय रॉड. प्रत्येक बॉल जॉइंटवर बोट असं ठेवायचं, की अर्धं बोट सॉकेटवर आणि अर्धं आर्मवर. जॉइंट चांगला असेल तर दोन्ही एकत्र हलतात. डाव्या टाय रॉड एंडवर बोटाखाली टकटक लागली. रबरी टोपी फाटलेली, आतल्या ग्रीसची माती झालेली.

इथे बरेच जण थांबतात. टाय रॉड एंड बदलतात, बिल करतात, गाडी सोडतात. खेळ कमी होतो, जात नाही. जुन्या गाडीची ढिलाई सहसा एकाच जागी नसते; चार-पाच सांध्यांनी ती आपापसात वाटून घेतलेली असते.

आठ

पुढचा ॲक्सल जॅकवर घेतला, खाली घोड्या लावल्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे पोऱ्याला रोज सांगतो.

चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, आत-बाहेर हलवलं. दोन्ही बाजूंना खडखड. हा खेळ चाकाच्या बेअरिंगचाही असू शकतो आणि किंगपिनचाही, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीचाही. फरक ओळखायला पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेकनं डिस्क आणि नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा सांधा, एकजीव होतात, त्यामुळे चाकाच्या बेअरिंगचा खेळ नाहीसा होतो. उजवीकडे तो गेला. डावीकडे ब्रेक दाबूनही चाक तसंच हलत राहिलं आणि नकल त्याच्यासोबत हलताना दिसलं. उजवीकडे हब बेअरिंग, डावीकडे किंगपिन. हे कळायला मिनिटभर लागतं आणि ते न केल्यानं लोकांचे हजारो रुपये जातात.

साडेनऊ

उजव्या हबचं काम लवकर आटोपलं: बेअरिंगं धुतली, चांगली निघाली, नवीन ग्रीस भरून नट पुन्हा बसवला. डावं नकल मात्र सगळं उघडावं लागलं. जिप्सीचं नकल बंद असतं, आत ग्रीस, मागच्या बाजूला पुसणारं सील. ते सील कडक झालं की पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत जातं. खालचं किंगपिन काढलं तेव्हा ग्रीसऐवजी तपकिरी चिखल निघाला. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर नखानं चाचपलं, तर रोलरनं एकाच जागी हाणून हाणून पाडलेल्या खाचा ओळीनं लागल्या. चाक सरळ असताना रोलर त्या खाचांत बसतात, म्हणून सरळ रस्त्यावर गाडीला दिशा धरता येत नाही.

सुट्या भागांच्या दुकानात पोऱ्याला पाठवलं. जिप्सी १९८५ साली आली, किंग १९९६ साली, आणि आता सर्वसामान्य गिऱ्हाइकाला नवीन मिळत नाही. भाग अजून मिळतात, पण बेअरिंगवरचं नाव आणि नंबर वाचल्याशिवाय मी घेत नाही. सीलं दोन्ही बाजूंची मागवली.

बेअरिंग बसल्यावर शिमांचं, म्हणजे पातळ चकत्यांचं, काम. शिम कमी केली की किंगपिन घट्ट होतं, जास्त घातली की ढिलं. टाय रॉड सोडलेला, सील अजून लावलेलं नाही, अशा अवस्थेत नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून ओढायचा. एक ते दोन किलोच्या दरम्यान नकल हललं पाहिजे. पहिल्यांदा ते फुकट हललं. पातळ शिम काढली आणि काटा दीड किलोवर आला. सील त्यानंतर.

दुपारी एक

जेवण आणि कूलरसमोर तासभर.

अडीच

आता कुठे बॉक्स. वरचा स्क्रू कुणीतरी पार आवळून ठेवला होता. ह्या बॉक्सची ठेवणच अशी असते, की चाकं सरळ असताना आतले दात सर्वांत घट्ट भिडतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीजही तिथेच होते. मधली झीज भरून काढायला स्क्रू पिळला की वळणावर, जिथे झीज नाही तिथे, दात एकमेकांत रुततात. मग स्टिअरिंग परत येत नाही. चालकाची दुसरी तक्रार हीच. ड्रॅग लिंक सोडून, स्टिअरिंग बरोबर मधोमध ठेवून स्क्रू मागे घेतला, किंचित ओढ लागेल एवढाच पुढे आणला आणि चेकनट आवळला. बॉक्सचं तेलही खाली गेलं होतं, ते भरलं.

चार

नवा टाय रॉड एंड बसवून, स्प्लिट पिन घालून टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आतला कल, धरला. दोन्ही टायरांवर खडूची रेघ, मागच्या कडेला टेप लावायचा, गाडी पुढे ढकलून त्याच रेघा पुढे आणायच्या, पुन्हा मोजायचं. पुढचं माप चार मिलिमीटर कमी ठेवलं.

साडेपाच

पद्मापूरपर्यंत जाऊन आलो, चालक स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. ट्रक गेला तरी गाडीनं ओळ सोडली नाही. वळणावरून स्टिअरिंग हातातून सरकत आपोआप मधे आलं. खेळ पुन्हा मोजला: पाऊण इंच. स्टिअरिंग डॅम्पर लावायचा का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हणालो. डॅम्पर थरथर दाबतो, झिजलेला सांधा दुरुस्त करत नाही, आणि ती थरथर चालकाला कळलेली बरी.

बुधवारी पहाटे ही गाडी पुन्हा गेटवर असेल. नवीन किंगपिन बेअरिंग थोडं बसतं, म्हणून शिमा आणि बॉक्सचे बोल्ट बघायला पुढच्या मंगळवारी परत यायला सांगितलं आहे. तुमच्याकडे जुनी जिप्सी, थार किंवा विलीज असेल आणि कुणी आल्याआल्या बॉक्सच्या स्क्रूला पाना लावायला निघालं, तर त्याला थांबवा. आधी एकाला स्टिअरिंग हलवायला बसवा आणि दुसऱ्याला खाली बघायला लावा.