नवं-जुनं

मार्चअखेर जवळ आली की सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांत एकच बोली चालते: नवं-जुनं. जुनं पीककर्ज भरायचं, नवं उचलायचं. हाताशी पैसे नसतील तर चार दिवसांपुरते कुणाकडून तरी उचलायचे. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं कर्ज सरकारी सवलतींमुळे बिनव्याजी पडतं खरं. पण या चार दिवसांच्या पैशाला काय मोजावं लागतं, ते पासबुकात येत नाही.

या पीककर्जामागची रचना जुनी आहे. मुंबईत राज्य सहकारी बँक, सोलापुरात जिल्हा मध्यवर्ती, म्हणजे लोकांची ‘डीसीसी’, आणि गावात सोसायटी. या रचनेच्या मुळाशी सावकारी आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यानंतर शेतकऱ्यांना सावकारांपासून दिलासा देणारा 1879 चा कायदा आला, तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी. 1904 ला सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही 1951-52 च्या ग्रामीण पतपुरवठा पाहणीत देशभरातल्या शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला.

कर्जाने पीक वाढतं का? पैसा कधी हातात येतो, यावर ते आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरातला वाफसा गेला की मंजुरीचा कागद नुसता कागद उरतो.

उसाचं तसं नाही. उजनी धरणाच्या पाण्यावरचा ऊस कारखान्यात जातो आणि कर्जाचा हप्ता बिलातूनच कापला जातो. वसुलीची अशी सोय ज्वारीला कुठली? त्यामुळे उसाला एकरी कर्जही जास्त आणि बँकेचा हातही सैल. पाणी उसाकडे का वळलं, याच्या उत्तराचा एक तुकडा या कपातीत सापडतो.

सांगोल्याच्या डाळिंबाचं गणित आणखी वेगळं. बाग धरायची तर ठिबक हवं, शेततळं हवं, पहिल्या बहारापर्यंत थांबायची ऐपत हवी. वर्षात फिरणारं पीककर्ज तिथे अपुरं पडतं. त्यात तेल्या रोग आला, की फळ जातं आणि हप्ता राहतो.

बँकेवरही वेळ आलीच. 2018 मध्ये जिल्हा बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक बसला. वरचा नळ बारीक झाला की गावची सोसायटी कोरडी पडते.

आणि दुसऱ्याचं रान वाट्याने कसणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो. सोसायटीच्या यादीत तो नाही. त्याचं खातं खताच्या दुकानातल्या वहीत. रोखीचा भाव वेगळा, त्याचा वेगळा.