मोडलेल्या हाडांचा हिशेब

दुकानाचे छप्पर गळू लागले तर कोणताही शहाणा व्यापारी पत्रा बदलून घेतो. दर पावसाळ्यात भिजलेल्या मालाचे नुकसान सोसत बसत नाही. युरोपातील श्रीमंत देशांनी मात्र माणसांच्या हाडांबाबत वर्षानुवर्षे नेमका तोट्याचा व्यवहार चालविला आहे.

उतारवयात, विशेषतः मासिक पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची, हाडे आतून पोकळ व ठिसूळ होत जातात. डॉक्टर यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. दुखत काहीच नाही, म्हणून कोणी तपासत नाही. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि हाड मोडते.

युरोपीय युनियनच्या २७ देशांत (तेव्हा ब्रिटनही त्यात होते) २०१० साली अशी सुमारे ३५ लाख हाडे मोडली व त्या वर्षीचा एकूण खर्च ३७ अब्ज युरोंवर गेला. या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे. ६६ टक्के रक्कम त्या वर्षी मोडलेल्या हाडांच्या उपचारावर, २९ टक्के पूर्वी मोडलेल्यांच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेवर, आणि हाड मोडू नये म्हणून द्यावयाच्या औषधांवर अवघे ५ टक्के!

यातही खुब्याचे हाड सर्वांत महाग. मोडलेल्या हाडांत खुब्याची संख्या सव्वासहा लाखांच्या आत, म्हणजे एक पंचमांशाहूनही कमी. पण खर्चात वाटा ५४ टक्के. कारण उघड आहे. ऑपरेशन करावेच लागते, खाट अनेक दिवस अडते, आणि पुष्कळ रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायांवर हिंडू शकत नसल्याने पुढे माणूस ठेवावे लागते. उलट मनगट मोडलेले साडेपाच लाखांवर होते, त्यांचा खर्च मात्र एकूण खर्चाच्या १ टक्का. प्लास्टर घातले, घरी पाठविले.

आमच्या मते खरी चूक येथेच होते. मनगट ही पहिली सूचना असते. खुबा मोडून आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे दुसरे कोणते तरी हाड आधी मोडलेले असते. त्या वेळी दवाखान्याने हाड जोडले, पण ते इतक्या सहज का मोडले, हे विचारले नाही. हाडे जोडणारा विभाग निराळा, औषध देणारा निराळा. मधला रुग्ण कोणाच्याच वहीत नाही.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९९ पासून यावर एक साधी व्यवस्था सुरू झाली. पन्नाशीनंतर ज्याचे हाड मोडेल त्याला नर्सने स्वतः गाठायचे, हाडांची घनता मोजवायची, गरज असेल तर गोळी सुरू करायची. पुढे २०११ साली तिचा हिशेब मांडला गेला तेव्हा हजार रुग्णांमागे १८ हाडे मोडण्यापासून वाचतात, त्यांत ११ खुब्याची, असे दिसले. नर्स, तपासणी व औषधांचा खर्च वजा जाता हजार रुग्णांमागे २१ हजार पौंड उरले. माणशी २१ पौंड हा काही डोळे दिपविणारा नफा नव्हे. पण अकरा माणसे चालती राहिली, ती या वहीत कोठे लिहावयाची?

औषध महाग, ही सबबही फारशी उरलेली नाही. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या अॅलेन्ड्रोनेट गोळीचे अमेरिकेतील पेटंट २००८ साली संपले, इतर कंपन्या तीच गोळी करू लागल्या आणि भाव कोसळला. तरी २०१९ साली युरोपीय युनियनचे २७ देश आणि शिवाय ब्रिटन व स्वित्झर्लंड मिळून खर्च जवळपास ५७ अब्ज युरोंवर पोहोचला. औषधांचा वाटा दीड अब्जाच्या आसपासच. ज्या स्त्रियांना औषधाची गरज होती त्यांपैकी ७१ टक्के स्त्रियांना ते मिळतच नव्हते.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. दादीचा खुबा मोडला तर दाखल होऊन करावयाचे ऑपरेशन त्यात बसते. मनगट मोडल्यानंतर बाहेरच्या बाहेर करावयाची घनतेची तपासणी आणि वर्षानुवर्षे घ्यावयाची गोळी बसत नाही. ते पैसे घरच्या गल्ल्यातून काढावे लागतात.