गुडघा पुन्हा दगा देऊ नये म्हणून

फुटबॉल खेळताना झटकन वळायला गेला आणि माझ्या मावसभावाच्या गुडघ्यात 'टक्' असा आवाज झाला. सूज उतरली, पण जिना उतरताना गुडघा निसटायचा. एमआरआयमध्ये कळलं, एसीएल तुटलंय. वय 19. त्याचा पहिला प्रश्न होता, "दादा, ऑपरेशननंतर खेळता येईल ना?"

एसीएल हे गुडघ्याच्या आतलं तिरकं लिगामेंट. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि जास्त फिरू न देणं, ही त्याची कामं. ते तुटलं की मांडीमागचा किंवा वाटीखालचा टेंडन घेऊन दुर्बिणीतून नवं लिगामेंट बसवतात. पुढे सरकणं त्याने बहुतेक थांबतं. काहींच्या गुडघ्यात फिरणं मात्र थोडं उरतं आणि तो ताण नव्या लिगामेंटवर येतो.

यावरचा एक उपाय जुनाच आहे. फ्रेंच सर्जन मार्सेल लेमेअर यांनी तो 1967 मध्ये मांडला. मांडीच्या बाहेरच्या जाड पट्ट्यातून साधारण एक सेंटिमीटर रुंद पट्टी सोडवायची. तिचं खालचं टोक नडगीला तसंच ठेवायचं, वरचं मांडीच्या हाडाला पक्कं करायचं. दार बिजागरीपाशी धरण्यापेक्षा कडेला धरलं की कमी जोरात थांबतं, तसंच हे.

दुर्बिणीच्या जमान्यात हा उपाय मागे पडला होता. 2020 मध्ये 'स्टॅबिलिटी' या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पुन्हा इजा होण्याचा धोका जास्त असलेले, 25 वर्षांपर्यंतचे 618 रुग्ण त्यात होते. फक्त मांडीमागच्या टेंडनचं लिगामेंट बसवलेल्यांपैकी 11 टक्के जणांचं ते दोन वर्षांत पुन्हा तुटलं. सोबत बाहेरची पट्टीही जोडलेल्यांमध्ये हे प्रमाण 4 टक्के होतं.

पट्टी प्रत्येकालाच लागते असं नाही. एक जादा व्रण येतो, सुरुवातीला दुखतंही थोडं जास्त. पण वय कमी, खेळ वळणावळणांचा आणि गुडघा फार सैल असेल, तर "मला पट्टीची गरज आहे का?" हे सर्जनना ऑपरेशनआधीच विचारा.

आणि पट्टी जोडली तरी घाई चालत नाही. किमान नऊ महिने व्यायाम, मग ताकदीची चाचणी, मगच मैदान.

भावाने पट्टी जोडून घेतली. आता पाचवा महिना चालू आहे. चालताना काही त्रास नाही, म्हणूनच त्याला आवरणं अवघड जातंय. रोज संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला बसतो आणि बाहेर आलेला चेंडू हाताने परत फेकतो. पायाने नाही.