टाकी भरली, मग मासे कधी?

विश्वस्त मंडळाच्या देणगीतून आलेली काचेची टाकी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीन आठवड्यांपासून भरलेली आहे. तळाशी रेती आहे, हवेचा पंप चालू आहे, कोपऱ्यातल्या स्पंजमधून बुडबुडे येत आहेत. मासे मात्र नाहीत. प्राथमिकची मुले खिडकीतून डोकावतात आणि हिरमुसून जातात. पालक-सभेतही हा प्रश्न निघाला. एका विश्वस्त महोदयांनी स्नेहसंमेलनाच्या आत 'मछलीघर' तयार व्हावे, अशी इच्छा बोलून दाखविली. म्हणून हा खुलासा.

पुष्कळ घरांत हा अनुभव आलेला असेल. हौसेने नवी टाकी आणली, त्याच संध्याकाळी चार गोल्डफिश सोडले आणि दहा-बारा दिवसांत एकेक उलटा तरंगू लागला. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते दुकानदाराने आजारी मासे दिले. बहुतेक वेळा कारण नवे पाणी हेच असते. ते दिसते इतके स्वच्छ की शंकाच येत नाही.

मासे कल्ल्यांवाटे व विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. टाकीत तो साठतो आणि कल्ले जाळतो. यावर निसर्गाची तोड म्हणजे जीवाणू. एका प्रकारचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट. मधले नायट्राइटही घातकच. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन निकामी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की भागते. (आमच्या पिढीने हे सारे हिंदीतून 'नाइट्रीकरण' म्हणून पाठ केले, डोळ्यांनी कधी पाहिले नाही.) दुसऱ्या कामासाठी पुस्तकांत नायट्रोबॅक्टरचे नाव असते; पण मत्स्यटाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, स्पंज व रेतीला चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना अन्न हवे. मासे सोडून ते देता येते, पण ते माशांच्या जिवावर. आम्ही त्याऐवजी रसायनशास्त्राच्या कपाटातील नवसागर वापरतो. टाकीत सुमारे १६० लिटर पाणी आहे. एक ग्रॅम नवसागराने लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर घरी वापरू नये, त्यात भेसळ असू शकते.

नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशांना आणि जीवाणूंना दोघांनाही मारते, म्हणून पाणी आधी एक दिवस उघड्या बादल्यांत हवा सोडून ठेवले होते. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले, तेव्हा काही विद्यार्थी ते ओतून द्यायला निघाले होते. तसे पाणी आपोआप निवळते, आणि निवळले. स्पंज नळाखाली धुण्याचा मोह मात्र कायमचा टाळावा. धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

नववीचे विद्यार्थी एक दिवसाआड पाणी तपासून रजिस्टरमध्ये नोंद करतात. अमोनियाच्या नळीतील हिरवा रंग आता पिवळ्याकडे, म्हणजे शून्याकडे आला आहे. नायट्राइटची नळी अजून गडद जांभळी आहे. ती निळी व्हायला हवी. नवसागर टाकल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले, आणि असे लागोपाठ तीनदा झाले, की बरेचसे पाणी बदलून पहिले सहा गप्पी सोडू. बाकीचे मासे नंतर थोडे-थोडे, कारण जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अन्नाइतकीच राहते.

स्नेहसंमेलनापर्यंत हे झाले नाही, तर पाहुण्यांना रिकामी टाकी आणि रजिस्टर दाखवू, असे आम्ही विश्वस्त मंडळाला कळविले आहे. मंडळाने ते मान्य केले, याबद्दल आभार. रजिस्टर टाकीशेजारी ठेवले आहे. मधल्या सुट्टीत कुणीही पाहू शकतो. पंपाचे बटण मात्र कुणी बंद करू नये.