पदवीनंतरचे घर

पदवी नोकरी मिळवून देते; घर देईलच असे नाही. कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना निवारा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले. अखेर तीही सोडावी लागली. पुढे दादरला त्यांनी ग्रंथांसह राहण्यासाठी ‘राजगृह’ उभारले.

आजही आमचे विद्यार्थी नोकरीच्या गावी खोली शोधू लागले की आधी आडनाव विचारले जाते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : या धाकट्या भावंडांना पहिले काही महिने आपल्या घरी आसरा द्यावा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, हेही त्यांना समजावून सांगावे. जय भीम!